अपरिग्रह आणि जुन्या पाकिटांचा संग्रह

१५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, भारतीय टपाल खात्याने महात्मा गांधींची चार तिकिटे काढली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशा त्यांच्या किमती होत्या. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कुर्व्हाझिए छापखान्यात झाली होती आणि तिकिटांवर ‘बापू’ ही अक्षरे देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिपींत होती. दहा रुपयांच्या तिकिटाच्या मोजक्या प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ असे वरून छापण्यात आले. २०१७ मध्ये त्यांतल्या चार तिकिटांची एक सलग पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली.

या तिकिटावर ज्यांची मुद्रा आहे ते गांधीजी आलेल्या पत्रांची पाकिटेसुद्धा फेकून देत नसत. पाकीट उसवायचे, उलटायचे आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर टिपणे काढायची, ही त्यांची रीत होती. कागद वापरून संपवायचा, साठवायचा नाही, हा तिच्यामागचा विचार. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून ते साबरमती आश्रमाला दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र लिहीत. ही पत्रे पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूपात आली. अपरिग्रहाचे विवेचन त्याच मालिकेत आहे. म्हणजे साठवू नये हे सांगणारे लिखाण पुण्याहून टपालानेच गेले. त्याचे पाकीट उद्या कुठे सापडलेच, तर ते मिळवण्यासाठी संग्राहकांची झुंबड उडेल.

जुनी पाकिटे आणि तिकिटे जमवणाऱ्याला इथे थांबून स्वतःला विचारावे लागते, की जमवणे हा परिग्रहच नाही का? आणि असेल, तर खिशाला परवडेल एवढ्यातच केलेला छोटा संग्रह त्या दोषातून सुटतो का? अनेकांचे उत्तर तयार असते. ‘आम्ही काही लाखोंची तिकिटे घेत नाही, पन्नास-शंभर रुपयांची पाकिटे घेतो, त्यात कसला आलाय लोभ?’ हे उत्तर पुरे पडत नाही. लोभाचे माप रुपयांत घेता येत नाही, आणि आपल्याकडच्या धर्मविचाराने ते फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक. जैन परंपरेत ते साधूचे महाव्रत आहे आणि गृहस्थाचे अणुव्रतही आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, परिग्रहाची व्याख्या येते. ती वस्तूंच्या संख्येवर किंवा किमतीवर उभी नाही. वस्तूत गुंतून भान हरपणे, ज्याला तिथे मूर्च्छा म्हटले आहे, तो परिग्रह. या हिशेबाने कोट्यधीश माणूस कमी परिग्रही असू शकतो, आणि एका फाटक्या चिंधीत जीव अडकलेला भिकारी जास्त. गृहस्थाला मात्र ही व्याख्या सांगून मोकळे सोडलेले नाही. त्याच्यासाठी परिग्रह-परिमाण आहे. घर, जमीन, सोने, धान्य किती ठेवायचे याची मर्यादा त्याने स्वतः, आधी आणि बोलून ठरवायची. संग्राहकाच्या कामाच्या गोष्टी या दोन आहेत. एक मनाची कसोटी, दुसरी हाताला घातलेली मर्यादा.

मूर्च्छा कशी दिसते, याचे टपालाच्या जगातले ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश गियानाचे १८५६ चे एक सेंटचे किरमिजी तिकीट. जगात त्याची एकच प्रत ज्ञात आहे. १८७३ मध्ये लुई व्हर्नन व्हॉन या बारा वर्षांच्या शाळकरी मुलाला ते घरातल्या जुन्या कागदांत सापडले आणि त्याने ते सहा शिलिंगांना विकले. पुढे ते फिलिप फॉन फेरारी या त्या काळच्या सर्वांत मोठ्या संग्राहकाकडे गेले. फेरारीने आपला संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला मृत्युपत्राने दिला होता. पण १९१७ मध्ये तो वारला तेव्हा महायुद्ध चालू होते. फ्रान्समधला तो संग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून फ्रेंच सरकारने जप्त केला आणि १९२१ पासून पुढची काही वर्षे पॅरिसमध्ये लिलाव करून विकला. आयुष्यभर एकत्र आणलेले सगळे चार दिशांना पांगले. ते एक सेंटचे तिकीट पुढेही मालक बदलत राहिले. २०१४ मध्ये अमेरिकेतले पादत्राणांचे व्यावसायिक स्टुअर्ट वाइट्झमन यांनी ते सुमारे ९५ लाख डॉलरना घेतले आणि २०२१ मध्ये विकले.

या तिकिटाची पाठ पाहण्यासारखी आहे. एकामागून एका मालकाने तिथे आपापली खूण उमटवून ठेवली आहे. वाइट्झमन यांनी तर उंच टाचेच्या बुटाचे छोटे चित्र काढले. दीड इंचही नसलेल्या कागदावर ‘हे माझे होते’ हे लिहायला माणसे जागा शोधतात. तो कागद त्या सर्वांच्या हातून गेला आणि पुढेही जाईल. मूर्च्छेचा पुरावा यापेक्षा स्पष्ट कुठे मिळणार?

आता थोडक्या पैशांत जमवणाऱ्याकडे येऊ. जुने म्हणजे महाग, ही समजूत त्याला पहिल्यांदा सोडावी लागते. जगातले पहिले चिकटवायचे तिकीट, पेनी ब्लॅक, मे १८४० मध्ये निघाले आणि सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले. ते पावणेदोनशे वर्षांहून जुने आहे, तरी दुर्मीळ नाही. उलट ‘सर्व्हिस’ छापलेले गांधीजींचे तिकीट त्याच्यापेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी लहान आहे आणि किमतीने कितीतरी पट मोठे. त्याच गांधी मालिकेतले दीड आण्याचे वापरलेले तिकीट आजही किरकोळ किमतीत मिळते. मुद्रा तीच, छापखाना तोच, दिवस तोच. बाजाराने ठरवलेली किंमत ही उपलब्ध प्रती आणि मागणी यांची गोष्ट आहे. वस्तूत काय सांगण्यासारखे आहे, याच्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. हे कळले की छोट्या बजेटचा संग्राहक निम्म्या हव्यासातून सुटतो.

दुसरी गोष्ट त्याला हळूहळू उमगते. पाकिटावरून काढलेले तिकीट सुटे होते, आणि पाकिटावर राहिलेले तिकीट बोलते. पूर्वीचे छंदिष्ट पाकिटाचा कोपरा कापून, पाण्यात भिजवून, तिकीट सोडवून वहीत चिकटवत. शाळेतल्या प्रत्येक पिढीने हे केले आहे. त्यात पाकीट कचऱ्यात जात असे आणि त्याबरोबर सगळा प्रवासही. पत्र कुठून निघाले, कोणत्या तारखेला, रेल्वेच्या टपाल डब्यात कुठे छाटले गेले, पोचले कधी, पत्ता चुकला का, नॉटपेड म्हणून दंड पडला का, युद्धकाळात सेन्सॉरने ते उघडून पुन्हा चिकटवले का, हे सगळे शिक्क्यांत आणि पट्ट्यांत असते. दुसऱ्या महायुद्धातली सेन्सॉरची पट्टी लावलेली पाकिटे, पंचम जॉर्जच्या काळातली पोस्टकार्डे, ग्वाल्हेरची अक्षरे छापलेली तिकिटे लावून गेलेली पत्रे, यांतले बरेच काही आजही सामान्य पगारदार माणसाच्या आवाक्यात आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, तिकिटांच्या प्रदर्शनांतल्या ‘कोणतेही घ्या’ म्हणून ठेवलेल्या खोक्यांत ते सापडते.

अशा खोक्यातले एखादे पोस्टकार्ड हातात घेऊन नीट पाहावे. महाराष्ट्रातल्या घरांतून आलेल्या कार्डांना पुष्कळदा मधोमध एक भोक असते. दारामागे किंवा खांबाला एक वाकवलेली तार टांगलेली असे, तळाशी लाकडाची किंवा पत्र्याची चकती. आलेले प्रत्येक पत्र वाचून झाले की त्या तारेत ओवायचे. वर्षानुवर्षांची पत्रे त्या तारेवर एकावर एक बसत. भोकाच्या कडेला गंजाची तांबूस वर्तुळे दिसतात. व्यापारी असे कार्ड खराब समजतो आणि स्वस्तात देतो. पण ते भोक म्हणजे त्या कार्डाच्या आयुष्यातला टपालाच्या शिक्क्याइतकाच खरा टप्पा आहे. शिक्का सांगतो की पत्र पोचले. तारेचे भोक सांगते की ते ठेवले गेले.

सगळीच पत्रे ठेवली जात नसत. मृत्यूची बातमी घेऊन आलेले पत्र वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात राहू द्यायचे नाही, अशी रीत होती. तशा पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ही नसे. लग्नाच्या पत्राला मात्र हळदकुंकवाची बोटे लागत आणि ते जपले जाई. आज जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यात जन्म, लग्न, पीकपाणी, परीक्षा, पैशांची निकड हे सारे आढळते आणि मृत्यू फार कमी आढळतो, तेव्हा ती केवळ योगायोगाची गोष्ट नसते. काय राखायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय संग्राहकाच्या आधी एका घराने आपल्या श्रद्धेप्रमाणे घेतलेला असतो. संग्रह करणे म्हणजे निवडणे, आणि निवड ही नैतिक गोष्ट आहे, हे त्या घरातल्या माणसांना संग्रहशास्त्राचे एक पानही न वाचता ठाऊक होते.

दुसरे उदाहरण पाच पैशांचे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या खर्चाला हातभार म्हणून केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसवला. तो ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला. खास तिकीट १ डिसेंबरला आले. तोवर कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या चालू तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ आणि ‘रिफ्यूजी रिलीफ’ अशी अक्षरे छापून वेळ निभावली गेली. छापील साठा पोचला नव्हता तिथे पोस्टातल्या माणसांनी स्थानिक रबरी शिक्के करून घेतले आणि तिकिटांवर मारले. कुठे अक्षरे तिरकी, कुठे शाई जांभळी, कुठे फक्त एकाच भाषेत. अशी पाकिटे थोडी शोधाशोध केली तर आजही परवडतात.

डिसेंबर १९७१ च्या अशा एखाद्या साध्या पाकिटावर बहुधा दोन तिकिटे शेजारी असतात. पत्राचा दर वीस पैसे होता आणि वीस पैशांच्या चालू तिकिटावर नॅट लढाऊ विमानाचे चित्र होते. त्याच्या बाजूला पाच पैशांचे शरणार्थी मदतीचे. युद्ध आणि करुणा एकाच पाकिटावर, एकाच शिक्क्याखाली. पाठवणाऱ्याने यातले काही मनात आणले असेल असे मुळीच नाही. त्याला मामाला खुशाली कळवायची होती आणि पोस्टाच्या खिडकीवर पाच पैसे जास्त मागितले म्हणून त्याने दिले.

मग हे दान म्हणायचे का? आपल्या परंपरेत दानाला श्रद्धा हवी, पात्र हवे, देण्याची इच्छा हवी. कराला इच्छा लागत नाही. तरीही त्या सोळा-सतरा महिन्यांत देशभरातल्या पत्रलेखकांनी, कुरकुरत का होईना, अनोळखी माणसांच्या अन्नाचा वाटा उचलला. काहींना ते दान वाटले असेल, काहींना भुर्दंड. पाकीट दोघांचे सारखेच दिसते. दुसऱ्याच्या मनातला भाव बाहेरून ओळखता येत नाही, हा धर्मचर्चेतला जुना मुद्दा तळहाताएवढ्या कागदावर पाहायला मिळतो. पाच लाख पौंडांची पट्टी विकत घेणाऱ्यापुढेही यापेक्षा मोठा प्रश्न ठेवलेला नसतो.

इथवर छोट्या संग्राहकाची बाजू भक्कम दिसते. पण त्याच्या विरुद्धची बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी.

पहिला आक्षेप असा, की स्वस्ताईने लोभ कमी होत नाही, उलट त्याला मोकळे रान मिळते. तिकिटे किलोवर विकली जातात. दोनशे रुपयांची एक पिशवी, मग दुसरी, मग खोके, मग कपाट. न उघडलेली पाकिटे साठत जातात, पावसाळ्यात दमट होतात, कसर लागते आणि मालकालाही आपल्याकडे काय आहे ते सांगता येत नाही. महागडी वस्तू घेणारा निदान दहादा विचार करतो. स्वस्त वस्तू घेणारा विचार न करता घेतो. परिग्रह-परिमाणाचे शहाणपण इथे दिसते. खिशाने घातलेली मर्यादा ही मर्यादा नव्हे, ती अडचण आहे. पगार वाढला की ती संपते. मर्यादा ती, जी पैसे असतानाही पाळली जाते. ‘फक्त शरणार्थी मदतीची तिकिटे’, ‘फक्त आपल्या तालुक्याच्या पोस्टांचे शिक्के’, ‘फक्त एका रेल्वेमार्गावरचे टपाल’, ‘दोन वह्या भरल्या की नवे येईल तेव्हा जुने कुणाला तरी द्यायचे’ अशी ती असायला हवी. ती घातली की संग्रहाला विषय मिळतो. विषय मिळाला की अभ्यास सुरू होतो.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे आणि तो गांधीजींचाच आहे. येरवड्याहून लिहिलेल्या त्या विवेचनात त्यांनी अपरिग्रह विचारांनाही लागू केला. निरुपयोगी माहितीने डोके भरून ठेवणारा माणूसही हे व्रत मोडतो, असे त्यांचे म्हणणे. हा घाव थेट अभ्यासू संग्राहकावर पडतो. ‘मी वस्तू जमवत नाही, ज्ञान जमवतो’ हा त्याचा शेवटचा आधार. शिक्क्यांचे प्रकार, दरांचे तक्ते, छापील चुकांच्या याद्या तोंडपाठ असणे हेही साठवणेच असेल तर?

याचे उत्तर ज्यांनी अपरिग्रह सर्वांत कठोरपणे पाळला त्यांच्याकडेच मिळते. दिगंबर मुनी वस्त्रही ठेवत नाही. त्याला तीन उपकरणांची मुभा आहे. संयमासाठी पिच्छी, शुद्धीसाठी कमंडलू आणि ज्ञानासाठी शास्त्र. अंगावरचे कापड सोडायला लावणाऱ्या परंपरेने ग्रंथ मात्र हातात राहू दिला. त्याच जैन समाजाने पाटण, जैसलमेर अशा ठिकाणी भारतातली काही सर्वांत समृद्ध हस्तलिखित भांडारे शतकानुशतके सांभाळली. महाराष्ट्रात वाशीम जिल्ह्यातले कारंजा त्यासाठी प्रसिद्ध आहे. पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये विसाव्या शतकात छापून जगापुढे आली ती प. ल. वैद्य आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाने, आणि त्यात कारंज्याच्या पोथ्यांचा मोठा आधार होता. या भांडारांत परिग्रह का नाही? कारण ती एका माणसाची नाहीत. ती संघाची आहेत. पोथी नकलून काढायची, दान करायची, वाचायची, पुढच्या पिढीला द्यायची. ज्ञान अडून राहिले तर ते परिग्रह होते आणि वाहते राहिले तर होत नाही, हा त्या व्यवस्थेचा अर्थ. गांधीजींच्या आक्षेपालाही हे उत्तर लागू पडते. संग्राहकाला जे ठाऊक आहे ते त्याने कुणाला सांगितलेच नाही, तर ते निरुपयोगीच राहिले आणि आक्षेप खरा ठरला. त्याने ते लिहिले, दाखवले, शिकवले, तर त्यातला साठवण्याचा दोष गळून पडतो.

मराठी वाचकाला याचे जितेजागते उदाहरण फार लांब शोधावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्य जुनी पत्रे आणि दप्तरे शोधण्यात घालवले. हाताशी पैसा नाही, संसार मागे राहिलेला, गावोगाव पायपीट. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पानिपतच्या काळातल्या पत्रांचा तो खंड होता. पुढे अशा खंडांची संख्या बावीसवर गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. १९२६ मध्ये ते गेले आणि त्यांचे कागद धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात लोकांसाठी राहिले. राजवाड्यांइतके कागद क्वचितच कुणी जमवले असतील, आणि त्यांच्याइतका निष्कांचन माणूसही क्वचितच. पत्र सापडले की ते छापून टाकायचे, हीच त्यांची मालकीची कल्पना होती. त्यांना संग्राहक म्हणावे आणि अपरिग्रहीही म्हणावे, त्यात विसंगती नाही.

आणखी मागे गेले तर देहूचा दाखला आहे. तुकाराम महाराजांच्या घराण्याची सावकारी होती. दुष्काळानंतर विरक्ती आली तेव्हा त्यांनी घरातली कर्जखते इंद्रायणीत बुडवायला काढली. चरित्रपरंपरा सांगते की धाकटे भाऊ कान्होबा यांनी हरकत घेतली, आणि म्हणून खतांचे दोन वाटे झाले. भावाचा वाटा भावाला दिला, आपल्या वाट्याची खते नदीत सोडली. पुढे याच नदीत अभंगांच्या वह्या बुडवण्याची वेळ आली, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावर बसले.

नदी तीच, माणूस तोच, दोन्ही वेळा बुडाला तो कागदच. पहिल्या कागदावर दुसऱ्याकडून येणे लिहिलेले होते. दुसऱ्या कागदावर दुसऱ्याला द्यायचे लिहिलेले होते. पहिला सोडल्याने ऋणको मोकळे झाले. दुसरा कायमचा गेला असता तर लोक दरिद्री झाले असते. अपरिग्रह म्हणजे सरसकट कागद टाकून देणे नव्हे, हे या दोन प्रसंगांतून ज्याचे त्याला कळावे. आणि खतांच्या वाटणीत आणखी एक धडा आहे, ज्याची चर्चा कमी होते. तुकारामांनी फक्त आपला वाटा सोडला. भावाचा सोडण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांनी मान्य केले. त्याग स्वतःच्या वस्तूचाच करता येतो.

हा धडा जुन्या पाकिटांना तंतोतंत लागू होतो. आजोबा गेले, घर बदलायचे ठरले, माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि ‘कशाला हवी ही अडगळ’ म्हणून पत्रांचा गठ्ठा रद्दीत गेला, की घरच्यांना आपण पसारा आवरला, मोह सोडला असे समाधान वाटते. पण त्या पत्रांत लिहिणाऱ्याचे आयुष्य असते, पोस्टमनचे काम असते, एका गावाचा एका काळातला पत्ता असतो. ती स्मृती फक्त त्या घराची नसते. जे पूर्णपणे आपले नाही ते नष्ट करण्याला त्याग म्हणत नाहीत.

हाच न्याय संग्राहकालाही उलट बाजूने लागतो. जे पूर्णपणे त्याचे नाही त्यावर त्याला पूर्ण मालकीही सांगता येत नाही. बाजारात पैसे मोजून घेतलेल्या पत्रात कुणाची तरी भांडणे, आजारपणे, उसनवारी लिहिलेली असते. नावानिशी ती चारचौघांत मांडण्याचा अधिकार पावतीबरोबर मिळत नाही. वरचे पाकीट, शिक्के, दर, मार्ग यांचा अभ्यास खुशाल करावा. आतला मजकूर, विशेषतः ज्यांची मुले-नातवंडे आज हयात असतील त्यांचा, झाकून ठेवावा. गांधीजींनी धनिकांपुढे विश्वस्ताची कल्पना मांडली होती. गिरण्या आणि जमिनींच्या बाबतीत ती कितपत अमलात आली याबद्दल मतभेद आहेत. कागदाच्या बाबतीत ती सहज अमलात येण्यासारखी आहे, कारण इथे सोडायचे थोडे असते आणि सांभाळायचे पुष्कळ. टी. के. टॅपलिंग या इंग्रज संग्राहकाने आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला ठेवला आणि १८९१ मध्ये तो वारल्यानंतर तो एकसंध राहिला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये ते सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. संग्रहालयाला नाव त्याचे आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येते. थोड्या पैशांचा संग्रह निव्वळ थोड्या पैशांमुळे निर्दोष ठरत नाही. तो निर्दोष ठरतो तीन गोष्टींनी: आधी आखलेली मर्यादा, दुसऱ्याला देता येईल अशा रूपात मांडलेले ज्ञान, आणि आपल्यानंतर हे कुणाकडे जाणार याची आपल्या हयातीत केलेली सोय. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही. म्हणून सामान्य उत्पन्नाचा संग्राहक या बाबतीत कुणाच्याही मागे नाही. फेरारीला जे साधले नाही ते गावातला एखादा निवृत्त शिक्षक दोन वह्यांत साधू शकतो.

ज्यांना हे करावेसे वाटते त्यांनी आजपासून सुरुवात करावी. घरात जुनी पाकिटे असतील तर तिकिटे सोडवू नका, कोपरे कापू नका, मूळ पाकीट तसेच ठेवा. प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या टाळा आणि दमट भिंतीला लागून ठेवू नका. प्रत्येक पाकिटासाठी वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा: कुठून आले, कधी, कोणाकडून मिळाले, त्याच्याबद्दल काय कळले. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. म्हणजे कालपर्यंत घरोघरी आलेले साधे रजिस्टरचे पाकीट आता इतिहासजमा झाले आणि ते बहुतेकांच्या कपाटात फुकट पडून आहे. त्यातले एक तरी बाजूला काढा. जवळच्या शाळेत वर्षातून एकदा आपल्या वह्या घेऊन जा आणि मुलांना पाकिटे हातात घेऊन पाहू द्या. आणि वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव लिहाल तेव्हा त्याच्याखाली, हा संग्रह आपल्यानंतर कुणाला किंवा कोणत्या संस्थेला द्यायचा, तेही लिहून ठेवा.